नगरपरिषदेच्या सर्व्हरवर हल्ला होऊन गेला. आता फायरवॉल घ्यावा, की आधी दुसरं काही करावं?

करविभाग_खिडकी२

नमस्कार मंडळी,

मी एका क वर्ग नगरपरिषदेत कर विभागात लिपिक आहे. संगणक अभियंत्याचं पद आमच्याकडे मंजूर आहे, पण भरलेलं नाही. त्यामुळे प्रिंटर अडकला, नेट गेलं, कोणी पासवर्ड विसरलं की हाक मला. शिक्षण बी.कॉम. आणि एमएससीआयटी, बाकी करत करत शिकले. प्रश्न लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा अशी विनंती, कारण तपशिलाशिवाय सांगता येणार नाही.

फेब्रुवारीतला सोमवार. वसुलीचा हंगाम, त्यामुळे पावणेदहालाच खिडकीवर पंधरा-वीस माणसं उभी होती. घरपट्टीचं सॉफ्टवेअर उघडलं तर डेटाबेस सापडत नाही असा संदेश. आमचा सर्व्हर म्हणजे स्टोअरच्या खोलीतला एक साधा संगणक, धूळ बसू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकलेला असतो. टॉवेल काढून स्क्रीन लावली. फायलींच्या नावापुढे आठ-आठ अक्षरं लागलेली, आयकॉन सगळे पांढरे, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी: फायली कुलूपबंद केल्या आहेत, ७२ तासांत संपर्क साधा. मी बघत होते आणि शेजारच्या फोल्डरमधल्या फायलींची नावं माझ्यासमोर एकेक करून बदलत होती. हातपाय गार पडले. मी मागची नेटवर्कची केबल ओढून काढली. ते बरोबर केलं की चूक, मला अजून माहीत नाही.

साडेअकरा हजार मालमत्तांची मागणी, थकबाकी, पाणीपट्टी, सगळं त्यात. खिडकीवर एक आजोबा विचारत होते, "बाई, माझं मागचं किती आहे तेवढं सांगा, भरून टाकतो." मला सांगता येईना. त्या दिवशी पावतीपुस्तक काढून हाताने पावत्या फाडल्या, आणि थकबाकीचा आकडा माणूस सांगेल तो लिहून घेतला.

वाचलो ते नशिबाने. डिसेंबरात लेखापरीक्षणासाठी डेटाची एक प्रत हार्डडिस्कवर घेतली होती, ती माझ्या खणात तशीच पडून होती. तिथून पुढच्या दोन महिन्यांच्या पावत्या स्थळप्रतींवरून पुन्हा चढवल्या. मी आणि पाणीपुरवठ्याचे एक दादा, नऊ दिवस, रोज रात्री नऊपर्यंत.

हल्ला आत कुठून आला ते कळलंच नाही. मंगळवारी सॉफ्टवेअरवाल्यांचा मुलगा आला आणि त्याने सर्व्हरला फॉरमॅट मारला. शंका दोन. एक म्हणजे त्यांचं रिमोटचं सॉफ्टवेअर, म्हणजे त्यांच्या ऑफिसात बसून आमचा सर्व्हर चालवायची सोय, सर्व्हरवर चोवीस तास चालू असायचं. दुसरी, आमच्या आवक-जावकच्या संगणकावर मराठी टायपिंगचं क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स फोडून फुकट वापरायचं, सॉफ्टवेअर होतं, ते कोणीतरी पेनड्राइव्हवरून टाकलेलं.

आता मुख्याधिकारी साहेबांनी मला एका पानाची टिप्पणी मागितली आहे. एका पुरवठादाराने फायरवॉलचं, म्हणजे इंटरनेट आत येतं तिथे बसून ये-जा तपासणाऱ्या यंत्राचं, चार लाख साठ हजारांचं कोटेशन दिलंय, तीन वर्षांच्या लायसन्ससह. आमचे २३ संगणक, त्यातले नऊ अजून विंडोज ७ वर. पैसे एकदाच मिळतील. फायरवॉलला हो म्हणू, की आधी दुसरं काही करू? पुन्हा एकदा खिडकीवरच्या माणसाला "सांगता येत नाही" म्हणायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच मला हवंय.

जुना_नेटवर्कवाला

ताई, मी सव्वीस वर्षं जिल्हा पातळीवर सरकारी नेटवर्क सांभाळलं, आता निवृत्त आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

केबल ओढलीत ते बरोबरच केलंत, मनातून काढून टाका. बाकीचे बावीस संगणक त्यामुळे वाचले असतील. केबल काढली तरी त्या यंत्रावरचं कुलूप लावायचं काम चालूच राहतं, म्हणून फायली डोळ्यांदेखत जात असतील तर सरळ वीजही तोडायची. मेमरीतला पुरावा जातो, पण डेटा वाचतो, आणि तुमच्यासारख्या ठिकाणी डेटा आधी. नवीन फायली बिघडणं थांबलेलं दिसलं तर मात्र यंत्र चालू ठेवून नुसतं नेटवर्कपासून तोडायचं आणि मोबाईलने स्क्रीनचे फोटो काढायचे, वेळेसकट.

चूक झाली ती मंगळवारी. फॉरमॅट मारला म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढली. अशा वेळी जुनी डिस्क काढून पाकिटात घालायची, तारीख घालून सही-शिक्का करायचा, कपाटात ठेवायची, आणि यंत्रात नवी डिस्क टाकून काम सुरू करायचं. कोणत्या दाराने चोर आला हे त्या जुन्या डिस्कवर सापडलं असतं. आता दोन्ही दारं बंद करावी लागतील.

आणि कळवलंत का कोणाला? सर्ट-इन ही सायबर हल्ल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खालचे. अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, आणि त्यात सरकारी कार्यालयंही येतात. टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार वेगळी. कळवलं तर आपल्यावरच येईल या भीतीने कार्यालयं गप्प बसतात, हे मी फार पाहिलंय. पण सहा तास ठेवले आहेत ते एवढ्यासाठी की तोच हल्ला शेजारच्या तालुक्यात संध्याकाळी पोचतो, आणि तुमच्या एका फोनने तिथली केबल वेळेत निघू शकते.

आता फायरवॉलचं. दिल्लीच्या एम्सचं उदाहरण घ्या. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथे हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला असं सरकारने संसदेत सांगितलं. रुग्णांची नोंदणी, तपासण्या, सगळं कित्येक दिवस कागदावर चाललं. कारण काय दिलं, तर नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. आणि सुटका कशी झाली, तर एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता, त्यावरून ई-हॉस्पिटलचा, म्हणजे रुग्णांच्या नोंदींच्या प्रणालीचा, डेटा परत आणला. देशातल्या इतक्या नावाजलेल्या रुग्णालयात बुडवणारी गोष्ट कप्पे नसणं, आणि तारणारी गोष्ट एक शाबूत बॅकअप. तुमच्याकडेही नेमकं हेच झालं, फक्त तुमचा बॅकअप सर्व्हर खणात होता.

कप्पे म्हणजे काय ते तुमच्याच इमारतीवरून सांगतो. आज तुमचे २३ संगणक, सीसीटीव्ही, हजेरीचं यंत्र, झेरॉक्सचं मशीन आणि सभागृहातलं वायफाय, सगळं बहुधा एकाच स्विचवर एका रांगेत आहे. आवक-जावकच्या संगणकाला कर विभागाच्या सर्व्हरशी बोलायचं काय काम आहे? काही नाही. तरी तो बोलू शकतो, म्हणून त्याचा रोग तिथे पोचतो. तुमचा स्विच मॅनेज्ड प्रकारचा, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, असेल तर त्यातच व्हीलॅन, म्हणजे हे वेगळे कप्पे, पाडता येतात, नवा खर्च शून्य. नसेल तर तसा एक स्विच घ्या, फायरवॉलच्या किमतीच्या मानाने तो काहीच नाही. कर विभाग आणि सर्व्हर एका कप्प्यात, लेखा दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वायफाय पूर्ण बाहेर.

झेरॉक्स मशीनकडे मुद्दाम बघा. जुनी मशीन स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकतात त्यासाठी एसएमबीचं, म्हणजे विंडोजच्या फायली नेटवर्कवरून देण्या-घेण्याच्या पद्धतीचं, पहिलं व्हर्जन चालू ठेवावं लागतं. वॉनाक्राय हा तुमच्यासारखाच फायलींना कुलूप लावणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला, १२ मे २०१७ ला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी लावली नाही त्यांच्यात इंग्लंडची रुग्णालयं होती आणि आपल्या आंध्रातली पोलीस ठाणीही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तुमचे ते नऊ संगणक आधी बदला. सगळे बदलता येत नसतील तर उरलेल्यांचं इंटरनेट काढून घ्या आणि त्यांना नुसत्या टायपिंगला ठेवा.

क्रॅकच्या सॉफ्टवेअरबद्दल कोणाला रागावू नका. माणसाला पत्र टाईप करायचं होतं आणि जुना फाँट मिळत नव्हता, म्हणून त्याने तो आणला. विंडोजमध्ये मराठी युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणारं टायपिंग, फुकट असतं, इनस्क्रिप्ट कळफलक तर कधीपासून आणि आता फोनेटिकही. एक दुपार बसून सगळ्यांच्या यंत्रावर सुरू करून द्या, जुन्या फाँटच्या फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या ते दाखवा, मग क्रॅक काढा. क्रमाने. आधी क्रॅक काढलं तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पेनड्राइव्हवरून परत येईल. आणि रोजचं काम ॲडमिन खात्यातून, म्हणजे यंत्रात काहीही टाकता-काढता येणाऱ्या खात्यातून, करू देऊ नका. प्रत्येकाला साधं खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे आणि बंद पाकिटात साहेबांच्या तिजोरीत.

बॅकअपबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण ते माझ्या अंगावर आलेलं आहे.

पंधरा-एक वर्षं झाली. एका तालुक्याच्या कार्यालयात मी स्वतः बॅकअपची सोय लावून दिली होती. रोज संध्याकाळी सहाला डेटाबेसची फाईल दुसऱ्या डिस्कवर जायची, स्क्रीनवर "काम पूर्ण" असं यायचं, कर्मचारी वहीत सही करायचे. चौदा महिने रोज सही आहे त्या वहीत. मग एक दिवस मूळ डिस्क गेली. मी ऐटीत बॅकअप उघडला. फाईल होती, आकार शून्य. डेटाबेस चालू असताना ती फाईल कॉपी होतच नव्हती, नुसतं नाव उमटत होतं. चौदा महिन्यांत मी एकदाही ती उघडून पाहिली नव्हती. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज होते त्यात. बहुतेक कागदांवरून परत चढवले. एका बाईंचा अर्ज सापडलाच नाही, ना यंत्रात ना फायलीत. नवरा गेलेला, वाडी डोंगरावर, तहसीलला यायचं म्हणजे एसटीने निम्मा दिवस. त्यांना सगळे दाखले पुन्हा काढायला लावले आम्ही. त्या दाराशी उभ्या होत्या, हातात प्लास्टिकची पिशवी. मला तो चेहरा आजही आठवतो.

तेव्हापासून माझा नियम असा, की बॅकअप घेतला याची सही घ्यायचीच नाही. दुसऱ्या यंत्रावर उतरवून चालवून पाहिला याची सही घ्यायची. महिन्यातून एकदा. दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्या, एक सोमवारी आणि एक गुरुवारी, काम झालं की लगेच केबल काढून कपाटात, कारण लावून ठेवलेली डिस्कही कुलूपबंद होते. आणि एक प्रत इमारतीबाहेर, साहेबांनी लेखी ठरवून दिलेल्या सरकारी जागी. घरी नेऊ नका. लोकांचा डेटा आहे.

जाता जाता: कार्यालयाच्या ईमेलची खातरी करून घ्या. पुष्कळ ठिकाणी अजून जीमेल असतं आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलून गेलेल्या कोणा लिपिकाचा असतो. शक्य असेल तर एनआयसीचा (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचा) ईमेल घ्या आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्री, लावा. आणि त्या पडताळणीचं ॲपसुद्धा फक्त अधिकृत जागेवरूनच उतरवा. सरकारी कर्मचाऱ्यांना फसवायला सरकारी ईमेलच्या पडताळणीच्या "कवच" ॲपच्या नकली प्रती पसरवल्या गेल्या होत्या, अगदी हुबेहूब.

परिचालक_तीन_ग्रामपंचायती

ताई, मी संगणक परिचालक आहे, तीन गावं माझ्याकडे. फायरवॉलमधलं मला काही कळत नाही. पण काकांनी टायपिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल जे लिहिलं ना, की माणसाचं काम अडलं होतं, त्यावर मला बोलायचंय.

ग्रामपंचायतीचे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातात. ग्रामसेवक बिल तयार करणार, सरपंच मंजूर करणार, दोघांची वेगवेगळी डिजिटल सही, वेगवेगळं टोकन, म्हणजे ती सही ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं यंत्र. दोन माणसांनी बघितल्याशिवाय रुपया हलू नये म्हणून ही रचना. मी कामाला लागले तेव्हा माझ्या खणात दोन्ही टोकन रबरबँडने एकत्र बांधलेली मिळाली. पांढऱ्या चिकटपट्टीवर पिन लिहिलेले. म्हणजे त्या खणाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे गावाची तिजोरी. संगणकात कोणी शिरला आणि टोकन लावलेलीच असली, तर त्याला काही तोडायचीही गरज नाही.

मी घाबरून दोन्ही परत दिली. पंधरा दिवसांत ओरड सुरू झाली. आमच्या सरपंच ताई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. फोनला रेंज नाही. टँकरवाल्याचं बिल अडलं, त्याने टँकर थांबवला. लोक मला म्हणाले, तुझ्या नियमामुळे पाणी बंद झालं. आणि ते खरं होतं. टोकन पुन्हा माझ्या खणात आली.

मग आम्ही तिघं बसलो. बुधवार आमच्याकडे बाजाराचा दिवस, सरपंच ताई बाजाराला येतातच. ठरलं की बिलं बुधवारी अकरा ते एक. टँकर, वीज असं तातडीचं असेल तर शनिवारी संध्याकाळी ग्रामसेवक भाऊ त्यांच्या वस्तीवरून त्यांना घेऊन येतात. सरपंच ताईंचं टोकन त्यांच्याकडेच, घरी डब्यात. पिन त्यांनी स्वतः बदलला, मी पाठ करून उभी राहिले. पहिल्या दिवशी तीनदा चुकल्या, चौथ्यांदा जमलं. आता बिल वाचल्याशिवाय सही करत नाहीत. गेल्या महिन्यात एक पाईपचं बिल दोनदा लागलं होतं, ते त्यांनीच पकडलं. यंत्रात कोणी शिरलं नव्हतं, साधी चूक होती, पण टोकन माझ्या खणात असतं तर ते बिल गेलं असतं.

तुमच्याकडे निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांची टोकन कोणाच्या खणात आहेत ते एकदा बघा, ताई. आणि असतील तर नुसती परत देऊ नका, कामाचा दिवस ठरवून मग द्या.

जुना_नेटवर्कवाला

बाळ, तू जे केलंस ते मला सव्वीस वर्षांत सुचलं नाही. आम्ही परिपत्रकं काढत राहिलो की टोकन दुसऱ्याला देऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहेच की आपली खाजगी कळ, म्हणजे डिजिटल सहीची गुप्त किल्ली, ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती लागली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं. ते सगळ्यांना वाचून दाखवलं. पण पाणी का अडतं हे कोणी विचारलं नाही.

ऑस्टिनकर_सांगलीचा

नमस्कार ताई. मी मूळचा सांगलीचा, आता टेक्सासमध्ये एका छोट्या शहराच्या प्रशासनात संगणकाचंच काम करतो. तुमच्या पहिल्या शंकेबद्दल लिहितो, सॉफ्टवेअरवाल्यांच्या रिमोटबद्दल, कारण आमच्याकडच्या गावांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

१६ ऑगस्ट २०१९, शुक्रवार. टेक्सासमधल्या बावीस छोट्या गावांच्या आणि स्थानिक कार्यालयांच्या संगणकांवर एकाच दिवशी कुलूप पडलं. ही गावं एकमेकांपासून शेकडो मैलांवर, पण बऱ्याच जणांची देखभाल एकाच खाजगी कंपनीकडे होती, आणि ती कंपनी दुरून ज्या वाटेने दुरुस्ती करायची त्याच वाटेने हल्लेखोर आत आले. बोर्गर नावाचं गाव आहे, तिथे जन्म-मृत्यूचे दाखले देता येईनात आणि पाण्याचं बिल भरून घेता येईना. तुमची खिडकी वाचताना मला तेच आठवलं. खंडणी मागितली होती पंचवीस लाख डॉलर, सगळ्यांची मिळून. कोणी दिली नाही. राज्याने पथकं पाठवली, काहींचे बॅकअप होते, काहींनी सगळं नव्याने उभं केलं.

त्यानंतर इथे नियम कडक झाले, आणि ते तुम्हालाही परवडतील असे आहेत. दुरून येण्याची सोय कायम चालू ठेवायची नाही. काम असेल तेव्हा त्यांनी फोन करायचा, तुम्ही सॉफ्टवेअर उघडायचं, ते काय करतात ते समोर बसून बघायचं, झालं की बंद करायचं. वहीत वेळ आणि नाव. त्यांच्या प्रत्येक माणसाला वेगळं खातं. एकच पासवर्ड दहा मुलं वापरत असतील आणि त्यातली चार नोकरी सोडून गेली असतील, तर तुमच्या दाराच्या किल्ल्या कुठे आहेत ते त्यांनाही सांगता येणार नाही. आणि देखभालीच्या करारात दोन ओळी घालून घ्या: घटना घडल्यास लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करणार नाही, आणि डेटा नगरपरिषदेचा असून तो उघड्या स्वरूपात कधीही मागता येईल.

दुसरी ओळ फार महत्त्वाची आहे. बॅकअप तुमच्याकडे असला तरी तो उघडायचा पासवर्ड फक्त कंपनीकडे असतो, असं होतं. तपासून घ्या.

पोर्ट_३३८९

मी फायरवॉल बसवण्याचंच काम करतो, म्हणून माझं मत त्या बाजूला झुकलेलं धरा. तरी सांगतो, या चर्चेत फायरवॉल अगदी बाजूला पडतोय ते मला पटत नाही.

ताईंना हल्ला कुठून आला ते कळलं नाही. डिस्क गेली हे खरं, पण वेशीवर नोंद ठेवणारं काहीतरी असतं तर निम्मं तिथे सापडलं असतं. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रावर कधी काय झालं याच्या नोंदी, ठेवायला सांगितलंय आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायला. घड्याळं जुळवणं फुकट आहे, आजच करा. वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळी वेळ असेल तर नंतर कशाचा कशाला मेळ बसत नाही. लॉग मात्र साध्या ब्रॉडबँडच्या राउटरमध्ये एवढे दिवस राहत नाहीत.

आणखी एक, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडा, बाहेरून आत यायला कोणती दारं उघडी आहेत ते तिथे दिसतं. तिथे ३३८९ दिसलं तर ते आत्ता काढा, टिप्पणीची वाट बघू नका. ते विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं दार आहे, आणि इंटरनेटवर उघडं ठेवलेलं असं दार शोधणारी यंत्रं दिवसरात्र फिरत असतात. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरसाठीही बरेचदा असंच दार उघडून ठेवतात.

किमतीचं म्हणाल तर २३ संगणकांना चार लाख साठ हजारांचा फायरवॉल मोठा होतो. लहान मॉडेल बघा, जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, तुलना करा. पण त्याहून महत्त्वाचं, लायसन्स संपल्यावर चौथ्या वर्षीची तरतूद कोण करणार? मी अशी कार्यालयं पाहिली आहेत जिथे फायरवॉलचा दिवा हिरवा आहे, आणि लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलंय. अंदाजपत्रकात दरवर्षीचा खर्च म्हणून लिहून घेता येत असेल तरच घ्या.

जुना_नेटवर्कवाला

हे मान्य. लॉगचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. मी क्रम असा लावेन: या आठवड्यात ३३८९ आणि रिमोट बंद, बॅकअपच्या डिस्क. या महिन्यात कप्पे आणि साधी खाती. विंडोज ७ ची यंत्रं या वर्षाच्या पैशातून. लहान फायरवॉल पुढच्या अंदाजपत्रकात, दरवर्षीच्या तरतुदीसह. आणि ताई, टिप्पणीला जून २०२३ ची सर्ट-इनची सरकारी कार्यालयांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जोडा. साहेबांना सही करायला आधार मिळतो.

करविभाग_खिडकी२

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून मग सांगायचं होतं.

राउटरच्या पानावर ३३८९ होतं. कोणी टाकलं, कधी टाकलं, कोणालाच आठवत नाही. काढलं. सर्ट-इनला आणि सायबर पोलिसांना उशिरा का होईना कळवलं. तिथल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, मला वाटत होतं तसं कोणी ओरडलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचं रिमोट आता मी उघडल्याशिवाय चालत नाही. पहिल्या आठवड्यात ते चिडले, आता आधी फोन करतात.

आवक-जावकच्या दादांना युनिकोड शिकवलं. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आहे, तीस वर्षं जुन्याच कळफलकावर हात बसलेला. तीन दिवस त्यांनी एका कागदावर अक्षरं काढून मॉनिटरला चिकटवली होती. चौथ्या दिवशी कागद काढला आणि स्वतःहून म्हणाले, "आता ते जुनं काढून टाक."

परिचालक ताईंचं वाचून निविदेची टोकन शोधली. तिन्ही एकाच कपाटात, एकाच डबीत होती. मंगळवार ठरला आहे.

साहेबांनी टिप्पणी मंजूर केली: सहा संगणक, एक मॅनेज्ड स्विच, दोन हार्डडिस्क, आणि फायरवॉल पुढच्या वर्षी. उरलेल्या तीन जुन्या यंत्रांचं इंटरनेट काढलं.

आणि काल, शनिवारी, बॅकअप उतरवून पाहिला. स्टोअरमधल्या एका जुन्या संगणकावर, नेटवर्कला न जोडता. पन्नास मिनिटं लागली. मागणीची एकूण रक्कम मूळ यंत्राशी जुळवली, रुपयाला रुपया बसला. मग सहज एका मालमत्तेचं पान उघडलं तर घराचा फोटो आणि मोजणीचा नकाशा दिसेना. दुसरं उघडलं, तिथेही नाही. फोटो आणि नकाशे डेटाबेसमध्ये नसतातच, शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, आणि तो फोल्डर आम्ही कधी बॅकअपमध्ये घेतलाच नव्हता. काका, तुमची शून्य आकाराची फाईल आठवली. साडेअकरा हजार घरांचे फोटो आहेत, आत्ता दुसऱ्या डिस्कवर जात आहेत. अजून चाळीस टक्के बाकी आहे, संपलं की केबल काढून घरी जाईन.